खाणीच्या लाईनवरचा उजेड

४ नोव्हेंबर, सोमवार

मी काही डायरी लिहिणाऱ्यातला माणूस नाही. पण गेल्या आठवड्यात गेममधला कोणता आकडा कुठून कुठे नेला ते आज आठवेना आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हा ठरवलं, रोज लिहून ठेवायचं. हे दुसऱ्या कोणी वाचण्यासाठी नाही, त्यामुळे अक्षर कसंही असलं तरी चालेल.

भानगड अशी आहे. बाबांनी आयुष्यभर मालगाडी चालवली, त्यातली बरीच वर्षं खाणीच्या लाईनवर. खाण बंद पडली, रूळ उखडून नेले, बाबा निवृत्त झाले. मागच्या वर्षी त्यांना तो विसरण्याचा आजार लागला. हे वाढतच जाणार असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना म्हणायला काय जातं!

मग मला कम्प्युटरवरचा हा रेल्वेचा गेम सापडला. त्यात कोणीतरी हौसेने बाबांची ती लाईन जशीच्या तशी बांधून फुकट ठेवली आहे. पूल, वळण, खाणीचं यार्ड, सगळं. त्या माणसाचं गेममधलं नाव खडीवाला. उन्हाळ्यात बाबा रोज माझ्या शेजारी बसून, कम्प्युटरला जोडलेल्या लीव्हरने गाडी चालवायचे. ड्रायव्हर आणि जोडीदार यांच्यात सिग्नल मोठ्याने पुकारायची पद्धत असते. एकाने म्हणायचं ‘हिरवा’, दुसऱ्याने स्वतः बघून ‘हिरवा’ म्हणायचं. दोघांचं जुळलं तरच गाडी पुढे. मी पुकारायचो, बाबा उत्तर द्यायचे. काय मजेत असायचे तेव्हा.

मग गेमवाल्यांनी नवा उजेड आणला. सुधारणा म्हणे! सुधारणा कसली, सगळी लाईन चुन्यात बुडवून काढली. आकाश पांढरं, खडी पांढरी, सिग्नलच्या जागी एक पांढरा ठिपका. बाबांनी एकदा बघितलं, म्हणाले, “ही आपली लाईन नाही रे,” आणि उठून गेले. त्यानंतर बसायला तयार नाहीत. तेव्हापासूनच ते गप्प झाले आहेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

ताईचं मत वेगळं आहे. तिने बाबांसाठी एक जागा बघून ठेवली आहे. बाग आहे, नर्स आहेत, एक खोली रिकामी होते आहे. मी तिला म्हटलं, सतरा तारखेला रविवारी ये. तोपर्यंत मी लाईन दुरुस्त करतो. तुझ्यासमोर बाबांनी बसून गाडी चालवली, सिग्नलला उत्तर दिलं, तर ते इथेच राहतील. ती बरं म्हणाली.

५ नोव्हेंबर, मंगळवार

ब्राइटनेस कमी करून पाहिला. काही उपयोग नाही. पांढऱ्याचं करडं झालं, एवढंच. हे मला आधीच कळायला हवं होतं. मी दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवतो, दिवसभर पांढऱ्याच्या छटा जुळवणं हाच माझा धंदा. एखादी गोष्ट पूर्ण पांढरी झाली की तिच्यामागे काही उरत नाही. वर कितीही काळोख ओता, गेलेली खडी परत दिसत नाही.

सकाळी गॅस चालूच राहिला होता, पेटवलेला नाही, नुसता चालू. बाबा चहा करायला गेले असावेत. बायकोने खिडक्या उघडल्या आणि दुपारी जाऊन गॅसच्या नळीवर कुलूपवाली तोटी बसवून घेतली. एवढ्यातेवढ्याला घाबरते ही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

गेमच्या चर्चेच्या पानावर लिहिलं की लाईन फार पांढरी दिसते. लगेच दहा जणांनी उत्तरं ठोकली. एक म्हणतो माझ्याकडे झकास दिसतं. दुसरा म्हणतो स्क्रीन बदला. तिसऱ्याने डोळे तपासून घ्या असं सुचवलं. लोकांना शेजाऱ्याचं घर पडलं तरी आपली भिंत दाखवायची असते. खडीवाल्याला वेगळा निरोप धाडला आहे, त्याचं अजून काही नाही.

गॅमा म्हणून उजेडाचा एक आकडा असतो, तो खाली आणला, सिग्नलभोवतीचं तेजोवलय काढून टाकलं. सिग्नलचा ठिपका लहान झाला, पण पांढराच.

आज एक गंमत झाली. मी स्क्रीनसमोर खुर्चीत बसलो होतो, बाबा मागून आले आणि म्हणाले, “तुम्ही जरा सरकता का?” जन्मात पहिल्यांदा बापाने मला अहोजाहो केलं. पन्नाशीला टेकलो तेव्हा कुठे मान मिळाला, असं मी हिला हसत सांगितलं. ती हसली नाही. बादलीतली चादर पिळत राहिली. हिला हल्ली धुण्याचं वेडच लागलंय, रोज चादर, रोज. पाण्याचं बिल बघून कळेल.

१० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असल्याने दिवसभर त्यामागे होतो. एक गोष्ट हाती लागली. हा नवा उजेड ड्रायव्हरच्या डोळ्याची नक्कल करतो. इंजिनाची केबिन अंधारी असते. गेमला वाटतं, अरे, अंधार आहे, आणि तो आपला डोळा मोठा करतो. मग बाहेरचा सगळा उजेड आत घुसतो आणि बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही. डोकं बाहेर काढलं तर पांढरेपणा थोडा कमी होतो, आत घेतलं की पुन्हा तेच. म्हणजे रोग कळला. औषध कुठे ठेवलंय ते मात्र कळत नाही. डोळ्याला वेसण घालायची सोय आहे, पण ती घातली तरी सूर्य आहे तेवढाच भडक.

बाबांना हाक मारून दाखवलं. ते दारातूनच बघत राहिले. “उजेड फार आहे,” एवढंच म्हणाले. बघा! त्यांना कळतं. बरोबर काय ते त्यांना अजून ठाऊक आहे, फक्त समोर बरोबर दिसायला हवं.

हिने विचारलं, की समजा उजेड नीट झाला, मग पुढे काय. मी म्हटलं, मग बाबा नीट बसतील. ती म्हणाली, “आणि उरलेला दिवस?” बायकांना प्रत्येक गोष्टीत उरलेला दिवस दिसतो. मी तेव्हा एक नवा आकडा टाकून बघत होतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

वाईट दिवस. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कॅप परत पाठवली. समोरच्या दाताची होती. म्हणाल्या, पेशंट हसला की तो एकच दात आधी येतो आणि बाकीचे मागून. इतका पांढरा दात मी बनवला, यावर माझाच विश्वास बसेना. छटा जुळवण्याआधी डोळ्यांना करड्या कागदावर विश्रांती द्यायची, हे मीच नव्या लोकांना शिकवतो. आणि मी सकाळी तासभर ती पांढरी लाईन बघून थेट कामाला बसलो. हात टेकले स्वतःपुढे.

त्यात दुपारी फोन आला. बाबा घराबाहेर गेले होते. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने ओळखून आणून सोडलं. बनियन आणि पायजमा, पायात काही नाही. ही अंघोळीला गेली होती तेवढ्यात. ती दारात आडवी खुर्ची लावून ठेवते, तिला मी रोज ठेचकाळतो, आणि आजच नेमकी लावली नव्हती. चावीवाल्याने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, ड्यूटीला निघालोय.

मी म्हटलं, बघ, त्यांना गाडीची ओढ लागली आहे. घरात गाडी मिळाली असती तर बाहेर कशाला गेले असते? ही स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. रविवार जवळ आलाय. जीव नुसता टांगणीला लागला आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! खडीवाल्याचं उत्तर आलं. भला माणूस. तो म्हणतो, लाईन मी जुन्या उजेडात बांधली. तेव्हा सूर्याचा आकडा मोठा टाकावा लागायचा, कारण गेमच मिणमिणता होता. नव्या गेमने स्वतःचा सूर्य आणला आणि त्यावर माझाही सूर्य धरला. तुमच्याकडे दोन सूर्य तळपतायत. लाईनच्या फाईलमध्ये आकडा कुठे आहे तेही त्याने सांगितलं.

मी तो आकडा खाली आणला, डोळ्याला वेसण घातली, आणि गाडी सुरू केली. काय सांगू! खडीला दगडाचा रंग आला. पुलाखालचं पाणी हिरवट दिसलं. वळणावरच्या भिंतीला ओल आहे हे मला कधी माहीतच नव्हतं. आणि लांबवर सिग्नल. हिरवा. असा स्वच्छ हिरवा की मी एकटाच खोलीत मोठ्याने ‘हिरवा’ म्हणालो.

बाबांना अजून दाखवलेलं नाही. रविवारी ताईसमोरच दाखवणार. खडीवाल्याला लिहिलं की तुमचे उपकार फेडता येणार नाहीत. हिला बोलावून दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं, छान आहे म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती सहसा करत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

नीट, क्रमाने लिहितो. नाहीतर उद्या मला वाटेल, असं काही झालंच नाही.

ताई अकराला आली. बाबांनी तिला नमस्कार केला, ती पाया पडायला वाकली तर संकोचून मागे सरले. मी त्यांना हाताला धरून खोलीत आणलं, खुर्चीत बसवलं, स्वतः डावीकडे स्टुलावर बसलो. गाडी सुरू केली. पहाटेचा उजेड लावला होता, बाबांची आवडती वेळ.

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांची पाठ सरळ झाली. कसलीही घाई नाही, चाचपणं नाही. हात आपोआप लीव्हरवर गेला. पूल आला तेव्हा वेग कमी केला, वळणावर शिट्टी दिली. कपाटाजवळ उभ्या असलेल्या ताईने खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती. लांबवर सिग्नल दिसला. मी पुकारलं, “हिरवा.”

“हिरवा,” बाबा म्हणाले. ठणठणीत आवाज. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

शेवटपर्यंत एकही चूक नाही. खाणीच्या यार्डात गाडी अशी अलगद उभी केली की मी मान वळवून ताईकडे बघितलं आणि फक्त “बघ” म्हणालो. ती रडत होती. मला वाटलं, जिंकलो.

बाबा उठले. खिसे चाचपले, पायाशी काहीतरी शोधलं, बहुतेक डबा. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “छान झाली गाडी. तुम्ही नवीन दिसता, पण नजर चांगली आहे तुमची. येतो आता. पोरं वाट बघत असतील, मी गेल्याशिवाय जेवत नाहीत.”

ताई पुढे झाली. “बाबा, मी इथेच आहे.”

त्यांनी तिच्याकडे फार प्रेमाने बघितलं. “हो बाई. पण माझी अजून लहान आहे,” असं म्हणून ते दाराकडे निघाले.

अडवलं तर ओरडायला लागले. मग मी त्यांच्याबरोबर बाहेर पडलो. घरी सोडतो म्हटलं. समोरच्या बागेला वळसा घातला, दवाखान्यावरून पुढे गेलो, मागच्या रस्त्याने फिरून पुन्हा आमच्याच दाराशी आणलं. पाटी वाचली त्यांनी, स्वतःचंच नाव. म्हणाले, “नको हो, लोकांच्या घरी कशाला?” पाय दुखायला लागले तेव्हाच आत आले, तेही पाहुण्यासारखे, कोचाच्या कडेवर टेकून बसले.

संध्याकाळी मी हिला म्हटलं, त्या दिवशी मला तुम्ही म्हणाले, तो मान नव्हता. ती म्हणाली, मला तर केव्हापासून बाई म्हणतात. तुला माहीत आहे असं वाटलं, म्हणून बोलले नाही. मला माहीत नव्हतं. एका घरात, एका ताटलीतलं खाऊन, मला माहीत नव्हतं.

ताईने एका शब्दाने टोचलं नाही. जाताना म्हणाली, “उजेड खूप छान केलास रे.” त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

काही लिहावंसं वाटत नाही. आजही तेच. गाडी, यार्ड, मग घरी जायचं. आज बागेला दोन वळसे.

२० नोव्हेंबर, बुधवार

गेम लावला नाही तर ते ड्यूटीला जायला निघतात. लावला तर ड्यूटी संपल्यावर घरी जायला निघतात. काल ते रडले. माझ्या हाताला धरून म्हणाले, साहेब, सोडा हो मला, घरी कोणी मोठं माणूस नाही. मी काय सांगणार होतो? की ती लहान पोरं आता म्हातारी व्हायला आली, आणि त्यातला एक तुमचा हात धरून उभा आहे? सांगितलं मी ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग माझी पोरं कुठे आहेत?

लाईन पांढरी होती तेव्हा ती आपली नाही हे तरी त्यांना कळत होतं. मीच ती इतकी खरी केली की आता त्यांना इकडे परत यायला जागाच ठेवली नाही. असा विचार करू नकोस, आजार आहे, तू गेमला हात लावला नसतास तरी हेच झालं असतं, असं ही म्हणते. असेलही. मला नाही वाटत.

आज कामावरून आलो तेव्हा ही ओट्यापाशी उभ्या उभ्या झोपली होती. हातात सुरी, पुढे अर्धा चिरलेला कांदा. मी सुरी काढून घेतली तरी जागी झाली नाही. तिच्या हातांकडे नीट बघितलं. साबणाने सालपटं निघाली आहेत. बाबांच्या अंथरुणावरच्या त्या चादरी ती कशासाठी धूत होती हे मला आज कळलं. सांगतानाही लाज वाटते.

ताईला मीच फोन केला. शनिवारी सकाळी ये म्हटलं. ती म्हणाली, विचार कर. मी म्हटलं, केला. फोन ठेवल्यावर मनसोक्त रडलो. बाबा समोरच होते. उठून त्यांनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना तुमच्या?”

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सुट्टी काढली. सकाळी एक वेडेपणा केला. सूर्याचा आकडा होता तेवढा परत केला, डोळ्याची वेसण काढली. म्हटलं, पुन्हा सगळं पांढरं होऊ दे. ‘ही आपली लाईन नाही रे’ असं एकदा म्हणू देत. त्यातल्या त्या ‘रे’साठी केलं. दुसरं काही कारण नाही.

जेवणं झाल्यावर त्यांना बसवलं. गाडी सुरू झाली. आकाश गेलं, खडी गेली, पूल कुठे सुरू झाला ते कळलंच नाही. नुसता पांढरा स्क्रीन. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

त्यांनी हलकेच ब्रेक लावला. गाडी उभी केली, लीव्हरवरून हात काढला आणि मागे टेकून बसले.

“धुकं आहे,” म्हणाले.

मी विचारलं, सिग्नल दिसतोय का. त्यांनी मान हलवली. “जो दिसत नाही तो लाल धरायचा. बसा तुम्ही. घाई नाही आता.”

मग आम्ही बसलो. आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी घरी जायचं नाव काढलं नाही. थांबलेल्या गाडीत ड्रायव्हर बसतो तसे सैल बसले होते, चेहऱ्यावर कसली म्हणून काळजी नाही. ही चहा घेऊन आली तर या बाई म्हणून पाय आवरून घेतले. तिला बसायला जागा केली. त्यांनी मला विचारलं, लग्न झालंय का. मी हिच्याकडे बोट दाखवलं. बरं केलंत, म्हणाले. माझ्या वडिलांबद्दल विचारलं. तेही गाडीवरच होते, मी सांगितलं. मग काय, बराच वेळ त्यावर बोलत होते, कुठल्या लाईनवर, कुठलं इंजिन. मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, ओळखत असणार मी त्यांना, चेहरा डोळ्यासमोर येत नाही एवढंच.

त्यांची बॅग ही आतल्या खोलीत भरते आहे. ताई उद्या सकाळी येईल. उद्याचं त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि कसं सांगायचं ते मला माहीत नाही. मी स्क्रीन बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी तो मधेच धरला आणि माझ्या मांडीवर परत ठेवला.

“असू द्या,” म्हणाले. “धुकं आहे तोवर आपल्याला इथून कोणी हलवणार नाही.”

मी म्हणालो, “नाही हलवणार.”